खापराचा पत्ता

माझ्या टेबलाच्या खणात, सेलोटेप आणि वाळून गेलेल्या पेनांच्या सोबतीला, एक मणी पडून असतो. अकीकाचा, डाळिंबाच्या दाण्याएवढा आणि तितकाच लाल. पाचवीत असताना आजोळी, मृगाचा पाऊस पडून गेल्यावर, गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडावर तो मला सापडला. पाऊस उघडला की आम्ही पोरं तिथं मणी वेचायला पळायचो. कुणाला काचेचा मिळे, कुणाला शंखाच्या बांगडीचा तुकडा, एखाद्या नशीबवानाला हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं. त्या नाण्यांच्या गोट्यांशी अदलाबदली होत. माझा मणी मात्र मी कुणाला दिला नाही. चाळीस वर्षं झाली, घरं बदलली, तो बरोबर येत राहिला.

संपादकांचा फोन आला तेव्हा हा मणी काही डोक्यात नव्हता. यंदाच्या अंकाचा विषय 'जपणूक' असा होता आणि माझ्या वाट्याला वस्तुसंग्रहालय आलं होतं. कुठलं, असं विचारलं तर म्हणाले, "जिथं तिकिटाला रांग नसेल तिथं जा. रांगेवर सगळेच लिहितात."

म्हणून मी डेक्कन कॉलेजात गेले. म्हणजे जायला निघाले. शिवाजीनगरहून रिक्षा केली, "डेक्कन कॉलेज" म्हटलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. वर बघते तो रिक्षा डेक्कन जिमखान्यावर उभी. "अहो दादा, डेक्कन नव्हे, डेक्कन कॉलेज. येरवड्याचं." मीटरकडे बघत तो शांतपणे म्हणाला, "मग आधी येरवडा म्हणायचं ना, ताई." त्याचं बरोबर होतं. पत्ता मी अर्धाच सांगितला होता.

दक्षिणेतून निघालेलं कॉलेज

बंडगार्डनचा पूल ओलांडून पलीकडे गेलं की थोड्या अंतरावर हे आवार लागतं. बाहेर विश्रांतवाडीकडे जाणाऱ्या वाहनांचा कल्ला, आत जुनी झाडं आणि काळ्या दगडाची टोकदार कमानींची इमारत. पुण्यात राहून ती न पाहिलेली माणसं मला ढिगानं भेटली आहेत. मीही त्यांतलीच होते.

या कॉलेजचं मूळ पेशव्यांच्या रमण्यात आहे. श्रावणात तिथं शास्त्री-पंडितांना दक्षिणा वाटली जायची. पेशवाई बुडाल्यावर ती एकदम बंद करण्याची हिंमत इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन याला झाली नाही. त्यातल्या काही पैशांतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचं पुढं पूना कॉलेज झालं आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या आधारानं येरवड्याकडे इमारत उभी राहून १८६८ साली कॉलेज तिथं आलं. टिळक-आगरकर इथं शिकले. १९३४ साली सरकारनं कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, भांडले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. १९९० पासून ते अभिमत विद्यापीठ आहे. एवढा इतिहास पुरे, कारण मला ज्यात रस आहे ते सगळं १९३९ नंतरचं आहे. त्या वर्षी इथं जमलेली माणसं बघा: भाषाशास्त्राचे सुमित्र मंगेश कत्रे, समाजशास्त्र आणि मानवशास्त्राच्या इरावती कर्वे, मराठ्यांच्या इतिहासाचे त्र्यं. शं. शेजवलकर आणि पुरातत्त्वाचे हसमुख सांकलिया. सांकलिया तेव्हा जेमतेम तिशीचे होते. लंडनला असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननावर हात मळवून आलेले.

इथं दोन संग्रह आहेत. एक पुरातत्त्वाचा, तो मुख्यतः सांकलिया आणि त्यांच्या शिष्यांनी जमिनीतून वर काढला. दुसरा मराठ्यांच्या इतिहासाचा, तो साताऱ्याहून आला.

पाय शाबूत असलेला माणूस

पुरातत्त्वाच्या दालनांत सुरुवातीला दगडी हत्यारं आहेत. खरं सांगायचं तर पहिल्या दोन कपाटांपुढून मी भरभर पुढं सरकले. दगडाचा तासलेला तुकडा आणि नुसता तुकडा यांतला फरक कळायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि माझा झालेला नाही.

पाय थबकले ते एका रांजणापुढं. कच्च्या मातीचा, न भाजलेला, पोट सुटलेला, आणि खाली चार ठेंगणे जाड पाय. हा इनामगावचा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं १९६८ नंतर दीड दशकभर, दरवर्षी हिवाळा-उन्हाळ्यात, या संस्थेचे लोक मुक्काम ठोकून खणत होते. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी आणि त्यांचे विद्यार्थी. इसवीसनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतलं एक अख्खं शेतकरी गाव त्यांनी हळूहळू उघडं केलं. शंभरावर घरं, चुली, धान्याची पेवं, नदीच्या पुराचं पाणी वळवायला घातलेला बांध आणि पाट. एका मडक्यावर कुणीतरी बैलगाडी कोरली आहे, दोन बैलांची.

रांजणात चाळिशीचा एक पुरुष मिळाला, गुडघे मुडपून बसवलेला.

"बाई, याचे पाय बघा," माझ्याबरोबर फिरणारे तिथले जुने शिपाई म्हणाले. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हटलं. "बाकीच्यांचे पाय घोट्याखाली तोडलेत. याचे तोडले नाहीत. मोठा माणूस असणार."

इनामगावला वयानं मोठी माणसं घराच्या जमिनीखालीच पुरत, आणि पुरताना पावलं तोडत. कशाला? मेलेल्यानं उठून चालत परत येऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात. तीन हजार वर्षांपूर्वी ते नसतच, असं म्हणायचं. तान्ही मुलं गेली तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यांच्या पोकळीत मूल निजवत. तीही घराच्याच जमिनीखाली. अशी जोडमडकी नेवाशालाही मिळाली, प्रवरेच्या काठच्या लाडमोड टेकाडात. मी त्यांच्यापुढं उभी होते आणि मला माझी आजी आठवत होती. तिचं एक मूल सव्वा महिन्याचं होऊन गेलं. "त्याला जाळायचं नसतं," एवढंच ती सांगायची, "आईजवळ ठेवायचं असतं." ती कुठल्या आईबद्दल बोलायची, हे मी कधी विचारलं नाही.

रांजणातला माणूस गावाचा प्रमुख होता असं अभ्यासक सांगतात. हा अंदाज आहे, पण हवेतला नाही. त्याला मिळालेलं वेगळं दफन, त्याचे न तोडलेले पाय, तो ज्या घराच्या अंगणात होता त्या घराचं इतरांहून मोठेपण, या सगळ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्यावर निघालेला तो अंदाज आहे. रांजण आणि सांगाडा एवढंच कुणी पोत्यात घालून आणून दिलं असतं, तर मामा मला काय सांगणार होते?

काळी आणि पांढरी

आपल्या भाषेत गावाला दोन रंग आहेत. कसायची ती काळी आणि वसायची ती पांढरी. काळी कळते. पांढरी पांढरी का, हे मला इथं येईपर्यंत नीट माहीत नव्हतं.

माणसं एका जागी शेकडो वर्षं राहतात. चुलीची राख, शेणाचं सारवण, कोसळलेल्या भिंतींची माती, फेकलेली हाडं, फुटकी मडकी, सगळं तिथंच साचतं. घर पडलं की सपाट करून त्यावरच दुसरं बांधतात. गाव असं स्वतःच्याच कचऱ्यावर चढत जातं. एखाद्या दुष्काळात, पुरात किंवा साथीत ते उठतं आणि मागं राहतं राखाडी-पांढुरक्या मातीचं टेकाड. पुरातत्त्ववाला नदीकाठानं फिरताना आधी ते टेकाड शोधतो, आणि त्याच्या आधी कितीतरी पिढ्या शेतकऱ्यानं ते शोधलेलं असतं. राखेनं आणि हाडांनी कसदार झालेली ती माती शेतात उत्तम खत म्हणून पडते. मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर पसरायलाही पांढरीच लागते, कारण ती पाणी झिरपू देत नाही. माझ्या आबांनी आमच्या पांढरीतून बारा-पंधरा गाड्या माती मळ्यात नेली होती. त्या वर्षी गहू काय आला म्हणता! तो गहू सातवाहनांच्या राखेवर पोसला होता की यादवांच्या, कोण जाणे. आबांना दोष द्यायचा माझा विचार नाही. बैलगाडीनं टेकाड संपायला शंभर वर्षं लागत. जेसीबीला एक दुपार पुरते, एवढाच काय तो फरक.

उत्खननातही मातीच नेतात, फक्त नेण्याची रीत वेगळी. टेकाडावर दोऱ्या ताणून चौकोन आखतात. प्रत्येक चौकोनाला नाव. मग कुदळ हलक्या हातानं, नंतर खुरपी, नंतर ब्रश. मातीचा रंग बदलला, घट्टपणा बदलला, राख लागली, सारवण लागलं की थर बदलला, हात थांबतो. वरचा थर नवा, खालचा जुना, हे ऐकायला सोपं वाटतं. पण मधेच कुणा गृहस्थानं हजार वर्षांपूर्वी धान्यासाठी पेव खणलेलं असतं, खालची माती वर आणि वरची खाली करून ठेवलेली असते. घुशी तर सगळ्या काळांत सारख्याच कामसू. हे सगळं ओळखणारे डोळे पुष्कळदा पदवीधराचे नसतात. गावातल्या रोजंदारीवरच्या माणसाला खुरप्याच्या आवाजावरून सारवलेली जमीन कळते, असं मला एकानं सांगितलं आणि ते मला लगेच पटलं.

घमेल्यातली माती चाळतात. काही माती पाण्यात सोडतात. जळून कोळसा झालेले दाणे हलके, ते तरंगून वर येतात. इनामगावची माणसं मुख्यतः जव खात होती, हे अशा दाण्यांनी सांगितलं. हाडांवरच्या सुरीच्या खुणा बघून कुठलं जनावर कापून खाल्लं हे कळतं. आणि खापरं. खापरांना अंत नाही. ती टोपल्याटोपल्यांनी निघतात, धुवून उन्हात वाळत घालतात, सांडगे वाळत घालावेत तशी.

काळ्या शाईतला आकडा

मागच्या बाजूच्या एका खोलीत एक विद्यार्थिनी खापरांचा ढीग घेऊन बसली होती. बीडकडची. पुढ्यात एक कागद, त्यावर एकात एक काढलेली वर्तुळं, दगड टाकल्यावर पाण्यात उठावीत तशी. ती एक खापर उचले, मडक्याच्या काठाचा तुकडा असेल तर तो वर्तुळांवर उभा धरून पुढं-मागं सरकवी. ज्या वर्तुळावर काठ तंतोतंत बसेल तेवढं त्या मडक्याचं तोंड.

"एवढ्याशा तुकड्यावरून अख्खं मडकं?"

"काठ असला पाहिजे, मॅडम. पोटाच्या तुकड्यावरून नाही कळत."

तिनं एक खापर माझ्या हातात दिलं. केशरी-तांबूस, त्यावर काळ्या रेघांची जाळी. "टिचकी मारा." मारली. खण्ण वाजलं, धातूसारखं. ही जोर्वे पद्धतीची भांडी. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावात ती आधी ओळखली गेली म्हणून त्यांना त्या गावाचं नाव पडलं. जोर्व्यातल्या कितीजणांना आपल्या गावाचं नाव एका संस्कृतीला आहे हे माहीत असेल, अशी एक शंका मनात आली. चांगलं तापवलेल्या भट्टीत भाजलेली, पातळ, लांब तोटीची भांडी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता, यात शंका नाही.

मग तिनं खापर उलटं केलं. आतल्या बाजूला काळ्या शाईत, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: गावाची खूण, वर्ष, चौकोन, थर.

"हे पुसलं गेलं तर?"

"तर ते खापर टाकून द्यायचं," ती सहज म्हणाली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "म्हणजे टाकत नाही कुणी. पण त्याचा उपयोग संपला."

मला त्या दिवशी मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. आपण कपाटाच्या काचेतून वस्तू बघतो. जपलेला असतो तो खरं तर वस्तूच्या पाठीवरचा पत्ता. इनामगावच्या मधल्या काळात घरं चौकोनी, ऐसपैस होती आणि शेवटच्या काळात लहान लहान गोल झोपड्या झाल्या, हे कुठल्याही एका खापरानं सांगितलेलं नाही. हजारो खापरं, दाणे, हाडं आपापल्या थरात जागच्या जागी नोंदली गेली होती म्हणून ते कळलं. पाऊसमान घटलं, शेती परवडेना, लोक गुरं घेऊन हिंडू लागले आणि अखेर गाव उठलं, अशी संगती ढवळीकरांनी लावली. ती सगळ्यांना मान्य नाही. पण वाद घालायचा तरी तो त्याच नोंदवह्या उघडून घालावा लागतो, आणि त्या वह्या खापरांच्या शेजारच्या खोलीत आहेत. मोठ्या शहरी संग्रहालयात निवडक देखणी वस्तू येते. इथं वस्तू, ती खणणाऱ्यांची वही आणि ती वही वाचू शकणारा माणूस एकाच आवारात असतात. कपाटं साधी आहेत, दिवे साधे आहेत, ध्वनी-प्रकाशाचा खेळ नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

साताऱ्याचे रुमाल

मराठ्यांच्या इतिहासाच्या संग्रहामागं एक माणूस आहे, रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस. जन्म १८७०. त्यांनी चोविसाव्या वर्षी झाशीच्या राणीचं चरित्र छापलं. १९०८ पासून 'इतिहाससंग्रह' हे मासिक चालवलं. आणि आयुष्यभर सरदारांच्या, कारकुनांच्या, कुलकर्ण्यांच्या वाड्यांतून जुने कागद, चित्रं, नकाशे गोळा केले. हा संग्रह साताऱ्यात होता. १९३९ साली तो इथं आला.

कागद गोळा करणं हा त्या काळात जवळजवळ छंदच होता, आणि त्यात भाऊबंदकीही होती. दुसऱ्या टोकाला राजवाडे. वि. का. राजवाडे याच डेक्कन कॉलेजचे पदवीधर, १८९१ सालचे, आणि कॉलेजबद्दल त्यांनी काही फार गोड लिहून ठेवलेलं नाही. पारसनीस सरकारदरबारी वजन असलेले, किंकेडसाहेबाबरोबर इंग्रजीत मराठ्यांचा इतिहास लिहिणारे. राजवाडे इंग्रजीत लिहायचं नाही म्हणून बसलेले, पाठीवर पडशी टाकून गावोगाव भटकणारे. दोघेही १९२६ साली गेले, एक मार्चअखेरीस आणि दुसरा डिसेंबरअखेरीस. राजवाड्यांचे कागद धुळ्याला राहिले, आणि पारसनिसांचा संग्रह आला तो राजवाड्यांच्या कॉलेजात.

जुने कागद कापडात बांधून ठेवतात. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. माझ्यासाठी सोडलेल्या रुमालातला कागद खडबडीत, हाताला कापडासारखा लागणारा. मोडीची ओळ शिरोरेघेला लटकत बोरू न उचलता गेलेली. कागद तिरका धरला तर काही अक्षरांवर बारीक चमक दिसते. शाई वाळावी म्हणून टाकलेल्या वाळूचे ते कण. अडीचशे वर्षं ते तिथंच चिकटून आहेत.

खापराच्या पाठीवर पत्ता नंतर लिहावा लागतो. कागद स्वतःचा पत्ता पोटात घेऊन येतो. फक्त तो वाचता आला पाहिजे. मोडी येणारी बाई सोबत होती म्हणून मला कळलं की मायन्यातले 'इहिदे सितैन मया व अलफ' असले शब्द म्हणजे वर्ष आहे. अरबी अंक, उलट्या क्रमानं: एक, साठ, शंभर, हजार. अकराशे एकसष्ट. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १७६०-६१. पानिपतचं वर्ष. आणि ५९९ की ६०० हे कशावर ठरतं? कागद जानेवारीच्या अलीकडचा की पलीकडचा यावर, कारण शुहूर सन सुरू होतो सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. अरबी आकडे आणि वर्षाचा आरंभ कुणब्याच्या पेरणीचा. आमच्या सरकारी कचेऱ्यांना हे एप्रिलपासून सुरू होणारं वर्ष कुणी दिलं, आणि आपण मृगसाल का सोडलं, असा विचार येतो खरा.

पत्राच्या शेवटी लहानसा शिक्का असतो, मोर्तबाचा. इथं मजकूर संपला, याखाली कुणी काही घुसडू नये, यासाठी. शेजवलकर याच संस्थेत मराठ्यांच्या इतिहासाचे प्रपाठक होते आणि १९४६ साली निघालेलं त्यांचं पानिपतावरचं पुस्तक इथूनच प्रसिद्ध झालं. भावनेनं ओथंबलेल्या विषयावर थंड डोक्यानं लिहायचं तर तारीख, मुक्काम आणि मोर्तब यांना धरून राहावं लागतं, हे या पुस्तकाकडे बघून समजतं.

नखं आणि हस्तिदंत

२०२४ च्या जुलैत साताऱ्यात वाघनखं आली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून, उसनी. ती बघायला झालेली गर्दी आपण टीव्हीवर पाहिली. ही नखं साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून विलायतेला गेली. ती शिवाजी महाराजांचीच, असं त्यांच्या पेटीवर लिहिलेलं आहे. अफजलखानाच्या वेळची तीच ही, हे पडताळून पाहता येत नाही, असं ते लंडनचं संग्रहालयच सांगतं. बघायला गेलेल्यांच्या भक्तीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण १६५९ ते ग्रँट डफ या दीडशेहून अधिक वर्षांतला पत्ता हरवलेला आहे, आणि तो आता भक्तीनंही सापडणार नाही.

याच्या उलट गोष्ट भोकरदनची. इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती बाई सापडली, दागिन्यांनी मढलेली, उघड उघड भारतीय. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तेव्हा ती त्याआधी तिथं पोचली हे नक्की. पण निघाली कुठून? लोक उत्तरेकडे बोटं दाखवत होते. पुढं मराठवाड्यात तेरला आणि भोकरदनला तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या. भोकरदनचं उत्खनन तर नागपूर आणि मराठवाडा या आपल्या दोन विद्यापीठांनी मिळून केलेलं, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली. तळहातावर मावेल एवढी फुटकी मूर्ती, पण तिला गाव होतं आणि थर होता. त्यानंतर पाँपेईच्या बाईचं माहेर दख्खनमध्ये शोधावं लागतं. यातल्या मराठवाडा विद्यापीठाचं छत्रपती संभाजीनगरला स्वतःचं इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या बसगाड्या तिथं थांबत नाहीत.

मण्याची चौकशी

निघताना मी पर्समधून मणी काढला. खरं म्हणजे सकाळपासून काढू की नको चाललं होतं. संग्रहाचं काम बघणाऱ्या मॅडमनी तो भिंगाखाली धरला, उजेडाकडे भोक करून पाहिलं. भोक दोन्ही बाजूंनी पाडून मधे जुळवलेलं होतं, किंचित तिरकं. "छान आहे हो," त्या म्हणाल्या. मला उगाच अभिमान वाटला.

"कुठं मिळाला?"

"आजोळी. पांढरीवर."

"पांढरीच्या कुठल्या अंगाला? नदीच्या बाजूनं की गावच्या?"

आठवेना. "पाऊस झाल्यावर वरच दिसला."

"म्हणजे पावसानं थरातून धुवून काढलेला." त्यांनी मणी परत माझ्या तळहातावर ठेवला. "सातवाहन काळातला असू शकेल. नंतरचाही असू शकेल. असे मणी फार वर्षं होत राहिले. टेकाड आहे ना अजून?"

टेकाडावर आता पाण्याची टाकी आहे आणि उरलेल्या अर्ध्याची वीटभट्टी झाली. मी ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. असलं उत्तर त्यांना आठवड्यातून दोनदा तरी मिळत असावं.

कायद्यानं बघायला गेलं तर माझी बाजू फारशी भक्कम नाही. १८७८ सालचा एक कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत गाडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं. मण्याची किंमत पाचवीतल्या बाजारभावानं चार गोट्या होती, हा माझा बचाव. मी मॅडमना विचारलं, इथं ठेवून घ्याल का? त्या म्हणाल्या, घेऊ की, रीतसर अर्ज द्या. पण नोंद 'पृष्ठभागावर मिळालेला' अशीच होईल. मग त्यांनी एक कोरी चिठ्ठी पुढं केली. "इथं ठेवा किंवा घेऊन जा, पण आठवतं तेवढं आत्ता लिहा. गाव, तालुका, साल, महिना. तुमच्यानंतर हे सांगणारं कुणी नाही."

मी लिहिलं. चार ओळी झाल्या. पाचवी सुचली नाही.

तर वाचकहो, दिवाळीला गावी जाल तेव्हा पांढरीवर चक्कर माराच. खापर, मणी, विटेचा जुना तुकडा दिसला तर उचलू नका. आहे तिथंच त्याचा फोटो काढा, शेजारी एखादं झाड, विहीर किंवा देऊळ दिसेल असा, आणि जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास किंवा पुरातत्त्व विभागाला पाठवून द्या. आणि आधीच उचललेलं काही घरात असेल, तर आज रात्री चिठ्ठी लिहून त्याच्याबरोबर ठेवा. येरवड्याचा हा संग्रह बघायचा असेल तर आधी फोन करून वेळ विचारा, दोन-तीन तास हाताशी ठेवा, चार पायांच्या रांजणापुढं मामांना बोलतं करा. रिक्षात बसताना मात्र नुसतं 'डेक्कन' म्हणू नका.